टर्बो एसयूव्हीत साधं पेट्रोल भरायचं की प्रीमियम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्बो पेट्रोल एसयूव्ही चालवणारे लोक मला सतत प्रश्न पाठवत असतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण असते: पंपावर उभं राहिल्यावर "साधं की प्रीमियम?" असं विचारलं की काय सांगायचं ते कळत नाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे सगळं पेट्रोल इंजिनांबद्दल आहे. डिझेलवाल्यांनी थेट प्रश्न १७ वाचावा.

१. साधं आणि प्रीमियम पेट्रोल यात नेमका फरक काय?

"प्रीमियम" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे ऑक्टेन नंबर. तो जास्त असलेलं पेट्रोल दाबाखाली आणि उष्णतेत सहजासहजी आपोआप पेटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवण्यासाठी मिसळलेली रसायनं.

काही प्रीमियम पेट्रोलांत दोन्ही असतं. काहींत फक्त अ‍ॅडिटिव्ह जास्त असतं आणि ऑक्टेन साध्या पेट्रोलाइतकाच असतो. तुमच्या इंजिनाला ऑक्टेन हवा असेल, तर असलं नुसतं नावाचं प्रीमियम भरून काही साधत नाही. म्हणून पंपावर नाव विचारू नका, आकडा विचारा. नोझलवर किंवा पंपाच्या यंत्रावर तो लिहिलेला असतो.

२. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, बरोबर ना?

नाही. हा गैरसमज फार जुना आणि फार चिवट आहे. एका लिटरमधली ऊर्जा दोन्ही पेट्रोलांत जवळपास सारखीच असते. ऑक्टेन सांगतो तो फक्त सोशिकपणा: ठिणगी पडेपर्यंत हे पेट्रोल दाब किती सहन करेल.

हे माप १९२६-२७ मध्ये ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलं. आयसो-ऑक्टेन हे द्रव नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटण्याला, प्रश्न ६) चांगलं टिकतं, त्याला १०० धरलं. एन-हेप्टेन लगेच नॉक होतं, त्याला शून्य धरलं. चाचणीच्या इंजिनात एखादं पेट्रोल ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा ऑक्टेन ९५. त्या पेट्रोलमध्ये खरोखर तेवढं आयसो-ऑक्टेन असतं असं मुळीच नाही, तुलना फक्त वागणुकीची आहे. ही चाचणी आजही एका सिलिंडरच्या खास इंजिनावर होते. त्याचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) इंजिन चालू असतानाच कमीजास्त करता येतो.

मग जास्त ऑक्टेनवर काही गाड्या जास्त ताकद का देतात? कारण ते इंजिन त्या सोशिकपणाचा फायदा घेऊन ठिणगी लवकर देतं किंवा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवतं. इंजिनाला तसं शिकवलेलंच नसेल, तर तुम्ही १०० ऑक्टेन भरा, फरक शून्य.

३. गाडी टर्बो आहे म्हणजे प्रीमियम लागणारच, असं सगळे म्हणतात. खरं का?

अर्धवट खरं. टर्बोचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १ बार असतो. टर्बोने त्यावर आणखी १ बार बूस्ट दिला, तर पिस्टन वर सरकायच्या आधीच हवा दुप्पट दाबाने आत आलेली असते. दाबल्यामुळे ती तापते. टर्बोतून निघालेली हवा १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, म्हणूनच मध्ये इंटरकूलर बसवतात. दाब आणि उष्णता या दोन्ही गोष्टी नॉकिंगला आमंत्रण देतात. त्यामुळे टर्बो इंजिनाला ऑक्टेनची चिंता साध्या इंजिनापेक्षा जास्त, हे खरं.

पण आजची बरीचशी टर्बो इंजिनं साध्या पेट्रोलसाठीच बनवलेली असतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे त्याची वाफ होताना आतली हवा गार होते. त्या गारव्यामुळे कमी ऑक्टेनवरही भागतं. होंडाच्या सीआर-व्ही मधलं दीड लिटरचं टर्बो इंजिन अमेरिकेत तिथल्या साध्या पेट्रोलवरच चालवायला सांगितलेलं आहे. तेव्हा "टर्बो" हा शब्द ऐकून निर्णय घेऊ नका. निर्णय प्रश्न ४ मधल्या कागदावर होतो.

४. माझ्या गाडीला कोणतं चालेल, हे नक्की कुठे बघायचं?

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतं. मग मॅन्युअलमधलं इंधनाचं पान काढा. तिथे आकड्याच्या आधी कोणता शब्द आहे तो नीट वाचा, कारण सगळं त्या शब्दावर आहे.

"आवश्यक" असं लिहिलं असेल, तर विषय संपला. तोच ऑक्टेन किंवा त्याहून जास्त भरायचा, रोज, प्रत्येक वेळी. "शिफारस" असं लिहिलं असेल, तर कमी ऑक्टेनवर इंजिन सुरक्षित चालेल, पण जाहीर केलेली ताकद आणि मायलेज पूर्ण मिळणार नाही. नुसता "किमान" आकडा दिला असेल आणि तो साध्या पेट्रोलचाच असेल, तर साधं भरा आणि निर्धास्त राहा.

मला आलेल्या पत्रांत सर्वाधिक चूक इथेच दिसते. शेजाऱ्याची गाडी त्याच कंपनीची, इंजिनही तेवढ्याच लिटरचं, म्हणून नियमही तोच असेल असं लोक धरून चालतात. एकाच इंजिनाच्या दोन ट्यूनिंगना वेगवेगळा ऑक्टेन लागू शकतो. आपल्याच गाडीचं झाकण बघा.

५. मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलंय, आमच्या पंपावर ९१ च्या खाली काही मिळतच नाही. मग मी प्रीमियम भरतोय का?

बहुधा नाही. ते दोन वेगळ्या मापांतले आकडे आहेत. जगातल्या बहुतेक देशांत पंपावर आरओएन हा आकडा असतो. त्याची चाचणी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, सौम्य परिस्थितीत होते. एमओएन ही दुसरी चाचणी ९०० फेऱ्यांवर, मिश्रण बरंच तापवून करतात. त्यामुळे तिचा आकडा साधारण ८ ते १० ने कमी येतो. अमेरिका आणि कॅनडात पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात.

म्हणून तिथलं ८७ म्हणजे आरओएनमध्ये अंदाजे ९१-९२. तिथलं ९१ म्हणजे ९५-९६ आणि तिथलं ९३ म्हणजे ९७-९८. मॅन्युअल परदेशी आवृत्तीचं असेल किंवा तुम्ही माहिती इंटरनेटवर वाचली असेल, तर आधी माप कोणतं ते तपासा. उलटी चूक जास्त धोक्याची: मॅन्युअलमध्ये अमेरिकन ९१ "आवश्यक" असेल आणि तुम्ही ९१ आरओएन भरत असाल, तर तुम्ही चार-पाच आकड्यांनी कमी भरताय.

या पानावर यापुढे आरओएनच वापरला आहे.

६. नॉकिंग, नॉकिंग सगळे म्हणतात. म्हणजे आत नेमकं काय होतं आणि ते कसं ओळखायचं?

ठिणगी पडली की ज्वाळा स्पार्क प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे पसरत जाते. ती पोचेपर्यंत कडेला उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जात असतं, तापत असतं. ज्वाळेची वाट न बघता ते स्वतःहून एकदम पेटलं, तर दाबाची लाट उठते आणि धातूवर आपटते. तेच नॉकिंग.

आवाज पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा येतो: टिकटिक आणि खडखड यांच्या मधला. वरचा गिअर, इंजिनाच्या फेऱ्या कमी आणि चढावर पाय दाबलेला, अशा वेळी तो हमखास येतो. आजकालच्या गाड्या आतून इतक्या शांत असतात की तो ऐकूच येत नाही. एक साधी युक्ती आहे. रस्त्यालगत भिंत किंवा कडा असलेल्या चढावर काच खाली करून, पंखा बंद करून जरा पाय दाबा. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजात खडखड वेगळी कळते.

अधूनमधून हलकंसं नॉकिंग झालं म्हणून इंजिन मोडत नाही. जोराचं आणि सतत झालं तर मोडतं. ओळखीच्या मेकॅनिककडे एका टर्बो इंजिनाचा पिस्टन मी हातात घेऊन बघितला आहे. वरून काळा, पण धड दिसत होता. कडेला मात्र कोणी वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे पडलेले आणि वरच्या दोन रिंगांमधली अ‍ॅल्युमिनियमची कड नखाएवढी तुटून गेलेली. तो तुटका भाग बोटाला लागला तेव्हापासून ऑक्टेनचा आकडा मी नीट वाचायला लागलो.

७. पण नॉक सेन्सर असतोच की. तो सांभाळून घेईल ना?

सांभाळतो, पण फुकट नाही. इंजिन ब्लॉकवर बसवलेला हा सेन्सर धातूची थरथर ऐकतो. नॉकिंगची थरथर साधारण ५ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते, ती ओळखून तो ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) कळवतो. ईसीयू लगेच ठिणगी काही अंश उशिरा देतो, गरज पडली तर बूस्टही उतरवतो. मग हळूहळू पुन्हा पूर्वपदावर यायचा प्रयत्न करतो. हे सेकंदाच्या छोट्याशा भागात आणि सतत चाललेलं असतं.

किंमत कशी मोजावी लागते ते बघा. ठिणगी उशिरा पडली की जळणही उशिरा होतं. पिस्टनला ढकलण्याऐवजी बरीच उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोकडे जाते. टर्बो फार तापू नये म्हणून ईसीयू जादा पेट्रोल फवारून एक्झॉस्ट गार करतो. म्हणजे ताकद कमी आणि पेट्रोल जास्त, दोन्ही एकदम. शिवाय सेन्सर ऐकतो तो झालेला नॉक, होणारा नव्हे. आणि ठिणगी किती मागे घ्यायची यालाही मर्यादा आहे.

साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात हा खेळ नेहमीचाच आहे, त्याची चिंता नको. पण "आवश्यक" लिहिलेलं असताना कायम कमी ऑक्टेन भरणं म्हणजे सीटबेल्ट आहे म्हणून ब्रेक न लावण्यासारखं आहे.

ज्यांच्याकडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं उपकरण) आहे त्यांच्यासाठी: भार वाढला की टायमिंगचा (ठिणगी किती आधी पडते त्याचा) आकडा तसाही खाली येतो. म्हणून नुसतं टायमिंग बघून निष्कर्ष काढू नका. "नॉक रिटार्ड" (नॉकिंगमुळे ठिणगी किती मागे घेतली ते) ही वेगळी नोंद दिसत असेल तर ती बघा. मी चढावर ती बघत गाडी चालवून घेतली आहे (स्क्रीनकडे लक्ष शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं रस्त्यावर). पाय थोडा सैल केला तरी ती नोंद शून्याकडे सरकताना दिसते.

८. प्रीमियम भरल्यावर मायलेज वाढतं का? पैसे वसूल होतात का?

साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात: नाही. जिथे प्रीमियमची "शिफारस" आहे तिथे: थोडं वाढतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये अशा शिफारसवाल्या गाड्या तपासल्या. प्रीमियमवर मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद सरासरी १.४ टक्के वाढली. गाडीगाडीत फरक होता, पण सरासरी एवढीच.

हिशेब सोपा आहे. प्रीमियम साध्यापेक्षा जितके टक्के महाग, निदान तितके टक्के मायलेज वाढलं तरच खर्च बरोबरीत येतो. दर १० टक्क्यांनी जास्त आणि मायलेज ३ टक्क्यांनी जास्त, तर उरलेले ७ टक्के तुम्ही पिकअपसाठी आणि मनःशांतीसाठी देताय. तसं द्यायला हरकत नाही, फक्त वसुली होतेय असं समजू नका.

स्वतः मोजायचं असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तसंच भरा आणि भागाकार करा. दोन्ही पेट्रोलांच्या किमान तीन-तीन टाक्या, त्याच रस्त्यावर, त्याच हवामानात. एका टाकीवरून केलेला दावा वाऱ्याच्या दिशेनेही बदलतो.

९. आणि पिकअप?

इथे काही टर्बो एसयूव्हींमध्ये खरा फरक आहे. सगळ्यात स्वच्छ उदाहरण माझदाच्या सीएक्स-९ चं. २०१६ मध्ये आलेल्या या गाडीच्या अडीच लिटर टर्बो इंजिनाचे कंपनीनेच दोन आकडे जाहीर केले होते: साध्या पेट्रोलवर २२७ एचपी, प्रीमियमवर २५०. टॉर्क मात्र दोन्हींवर सारखाच, सुमारे ४२० न्यूटन-मीटर.

हे आकडे नीट वाचले तर आपला निम्मा निर्णय होतो. टॉर्क सारखा म्हणजे गर्दीतून वाट काढताना, सिग्नलवरून निघताना, रमतगमत जाताना फरक कळणारच नाही. जादाचे २३ एचपी वरच्या फेऱ्यांवर मिळतात, म्हणजे हायवेवर झपाट्याने ओव्हरटेक करताना किंवा लांब चढावर. तुमचं इंजिन त्या फेऱ्यांपर्यंत महिन्यातून किती वेळा जातं? त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे.

१०. मी गाडी अगदी हळू, कमी फेऱ्यांवर चालवतो. मग तर साधं पुरेल ना?

हळू आणि हलका पाय असेल, तर हो. पण कमी फेऱ्या आणि दाबलेला पाय हे टर्बो इंजिनासाठी सगळ्यात वाईट मिश्रण आहे. मायलेज वाचवायला म्हणून लोक वरच्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर चढ ओढतात. टर्बो तिथेही भरपूर बूस्ट देतो, पण पिस्टन सावकाश हलत असल्याने मिश्रणाला तापायला वेळ जास्त मिळतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात यातूनच लो-स्पीड प्री-इग्निशन होतं. सिलिंडरमधल्या ऑइलच्या थेंबामुळे किंवा सुटलेल्या कार्बनच्या कणामुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टन अजून वर येत असतानाच दाब भयंकर चढतो. एकच फटका पिस्टन फोडायला पुरेसा होऊ शकतो. नॉक सेन्सर इथे फारसं काही करू शकत नाही, कारण ही आग ठिणगीने लागलेलीच नसते. जास्त ऑक्टेननेही हे खात्रीने टळत नाही.

उपाय दोन. एक, खालचा गिअर टाका आणि इंजिन मोकळं फिरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर चढावर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड घ्या. दुसरा, ऑइल. २०१८ मध्ये एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने) "एसएन प्लस" आणि २०२० मध्ये "एसपी" हा दर्जा आणला, त्यात या दोषासाठी चाचणी आहे. ऑइलमधलं कॅल्शियमयुक्त डिटर्जंट या त्रासाला हातभार लावतं असं दिसून आलं होतं, म्हणून नव्या ऑइलांचं सूत्र बदललं. मॅन्युअलने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल घाला.

११. एरवी साधं भरतो, पण फक्त मोठ्या प्रवासाला प्रीमियम भरलं तर चालेल का?

मला हा सगळ्यात शहाणपणाचा प्रश्न वाटतो. शिफारसवाली गाडी असेल तर अगदी असंच करा. पूर्ण भरलेली गाडी, टपावर सामान, मागे ट्रेलर, कडक ऊन आणि लांब घाट: या सगळ्यांत बूस्ट सतत वर असतो आणि इंटरकूलरला मिळणारी हवाच मुळात गरम असते. ऑक्टेनचा उपयोग खरा तिथे होतो. काही मॅन्युअलांत ट्रेलर ओढताना वरचा ऑक्टेन वापरा असं स्पष्ट लिहिलेलंही असतं.

एक काळजी घ्या. प्रवासाच्या आदल्या दिवशी पाऊण भरलेल्या टाकीत प्रीमियम टाकून उपयोग नाही. टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, मग भरा (मिश्रणाचं गणित प्रश्न १२ मध्ये).

१२. टाकीत साधं असताना वरून प्रीमियम भरलं तर इंजिनाला अपाय होतो का?

अपाय काहीच नाही, दोन्ही पेट्रोलच आहेत, एकजीव होतात. ऑक्टेन जवळपास प्रमाणात येतो. टाकीत २० लिटर ९१ असताना ४० लिटर ९५ भरलं, तर मिश्रण सुमारे ९३.७ चं झालं. ईसीयू नव्या पेट्रोलशी जुळवून घेतो, पण त्याला थोडं चालवायला लागतं. पंपातून बाहेर पडताच फरक जाणवला, असं कोणी सांगितलं तर तो मनाचा असतो.

१३. "प्रीमियम आवश्यक" असलेल्या गाडीत चुकून साधं भरलं. टाकी उपसायची का?

नाही. पुढचे काही दिवस पाय हलका ठेवा, ओझं लादू नका, चढावर खालचा गिअर वापरा. थोडी जागा झाली की वरून मिळेल तेवढ्या जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. खडखड ऐकू आली तर पाय लगेच सैल करा. एका चुकीने इंजिन जात नाही. तीच सवय झाली तर जातं.

१४. प्रीमियमने इंजिन आतून स्वच्छ राहतं म्हणतात. निदान त्यासाठी तरी भरावं का?

स्वच्छता ऑक्टेनने होत नाही, डिटर्जंट अ‍ॅडिटिव्हने होते. ते साध्या पेट्रोलमध्येही चांगलं असू शकतं. २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून "टॉप टियर" नावाचं डिटर्जंटचं मानक आणलं. ते पाळणाऱ्या कंपनीला आपल्या साध्या पेट्रोलसह सगळ्या प्रकारांत ते पाळावं लागतं.

आता टर्बोवाल्यांसाठी महत्त्वाचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ व्हॉल्व्हच्या मागे बसते, भाजते आणि काळा थर धरते. पेट्रोलमधलं कितीही महागडं अ‍ॅडिटिव्ह तिथपर्यंत पोचत नाही. ते इंजेक्टरची तोंडं मात्र स्वच्छ ठेवतं आणि तेही कमी महत्त्वाचं नाही. तो थर काढायचा तर इनटेक खोलून हाताने किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करून साफ करतात. ज्या इंजिनांत पोर्ट (व्हॉल्व्हच्या आधी पेट्रोल फवारणारे) आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर असतात, त्यांत हा त्रास बराच कमी होतो.

१५. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो असं वाचलं. मग मायलेज का पडतं?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण ऑक्टेन आणि ऊर्जा वेगळ्या आहेत (प्रश्न २). इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण एका लिटरमध्ये ऊर्जा सुमारे २१ मेगाज्यूल. पेट्रोलमध्ये ती सुमारे ३२. म्हणून १० टक्के इथेनॉल असेल तर ऊर्जा ३ टक्क्यांच्या वर घटते आणि २० टक्के असेल तर ७ टक्क्यांच्या आसपास.

टर्बो इंजिनाला इथेनॉलचा एक फायदाही आहे. त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडर गार राहतो. इंजिन त्यासाठी ट्यून केलेलं असेल तर तोट्यातला काही भाग भरून निघतो. गाडी किती टक्क्यांपर्यंत चालेल ते झाकणावरच्या स्टिकरवर बघा. रबरी नळ्या, सील आणि पंप त्या प्रमाणासाठी बनवलेले नसतील तर ऑक्टेन कितीही चांगला असून उपयोग नाही.

१६. ऑक्टेन बूस्टरची बाटली टाकून साध्याचं प्रीमियम करता येतं का?

सहसा नाही. बाटलीवर "३ पॉइंट वाढ" असं लिहिलेलं असतं, पण या धंद्यात पॉइंट म्हणजे बऱ्याचदा ऑक्टेनचा दहावा हिस्सा. म्हणजे ९१ चं ९१.३. काही बाटल्यांत मँगनीजचं संयुग असतं, त्याचा तांबूस थर प्लगवर बसतो. तेवढ्याच पैशात प्रीमियम पेट्रोल भरलेलं बरं.

१७. माझी टर्बो एसयूव्ही डिझेल आहे. मला यातलं काय लागू?

ऑक्टेन अजिबात लागू नाही. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, इंधनाने आपोआप लवकर पेटावं हीच अपेक्षा असते. त्याचं माप सीटेन, ऑक्टेनच्या नेमकं उलट. आणि डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल पडलं, तर गाडी चालू करू नका, किल्लीही फिरवू नका. तिथे मात्र टाकी उपसावीच लागते.

१८. आम्ही उंच डोंगराळ भागात राहतो. उंचीवर कमी ऑक्टेन चालतो असं ऐकलं.

हा सल्ला विनाटर्बो इंजिनांचा आहे. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो. सिलिंडरमध्ये हवाच कमी येते, म्हणून नॉकिंगही कमी होतं. टर्बो मात्र विरळ हवा जास्त जोराने दाबून ती तूट भरून काढतो, आणि जास्त दाबल्यामुळे ती हवा जास्त तापते. म्हणून टर्बो एसयूव्हीला उंचीची सवलत घेऊ नका, मॅन्युअलचाच आकडा पाळा.

१९. गाडी रिमॅप करून घेतली आहे. मॅन्युअलचा आकडा अजून लागू आहे का?

नाही. रिमॅप म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं. त्यात बूस्ट आणि टायमिंग वाढवलं की कंपनीने ठेवलेली सुरक्षेची जागा कमी होते. मॅप कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिला आहे ते करून देणाऱ्याकडून लेखी घ्या आणि त्याच्या खाली कधीही भरू नका, लांबच्या प्रवासातसुद्धा. वाटेत तो ऑक्टेन मिळणार नसेल तर कमी ऑक्टेनचा मॅप टाकून निघा.

२०. नेहमी योग्य प्रीमियम भरतो, तरी खडखड येतेच. आता काय?

आता दोष पेट्रोलपेक्षा इंजिनात असण्याची शक्यता जास्त. आधी सोप्यापासून सुरुवात करा. स्पार्क प्लग बघा: टर्बोत ते लवकर झिजतात, आणि चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) प्लग स्वतःच तापून मिश्रण पेटवू शकतो. मग इंटरकूलर, त्याच्या पात्यांत चिखल, पानं, किडे अडकले असतील तर हवा गार होत नाही. कूलंट पुरेसं आहे का, ऑइल कोणत्या दर्जाचं आहे (प्रश्न १०), हे तपासा. गाडी जुनी असेल तर पिस्टनवर साचलेल्या कार्बनमुळे दाब वाढलेला असू शकतो.

गाडी कित्येक महिने उभी होती का, तेही आठवा. टाकीतल्या जुन्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात. शंका असेल तर टाकी बरीच खाली करून, दुसऱ्या गर्दीच्या पंपावरून ताजं पेट्रोल भरून बघा.

इंजिनाचा दिवा स्थिर पेटला तर लवकरात लवकर स्कॅन करून घ्या. तो उघडमीट करत असेल तर सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. त्या वेळी पाय पूर्ण सैल करा, सुरक्षित जागी गाडी उभी करा आणि पुढे टोइंगने न्या.